पॅट्सी क्लाइनचा फोर स्टार करार

१ जून १९५५ला पॅट्सी क्लाइन ही अमेरिकन कंट्री गायिका (कंट्री म्हणजे तिथल्या ग्रामीण भागातून आलेलं संगीत) नॅशव्हिलमधल्या ओवेन ब्रॅडली या निर्मात्याच्या स्टुडिओत पहिल्यांदा रेकॉर्ड कंपनीसाठी गायली. १६ नोव्हेंबर १९६०ला ती पुन्हा ब्रॅडलीसमोरच माइकपाशी उभी होती. आवाज तोच, निर्माता तोच आणि बरेचसे वादकही तेच. या साडेपाच वर्षांत तिची ५१ गाणी ध्वनिमुद्रित झाली, पण खऱ्या अर्थाने गाजलं ते एकच. नोव्हेंबर १९६०नंतर तिच्या वाट्याला जेमतेम सव्वादोन वर्षं आली. आज लोक तिचं म्हणून जे ओळखतात, त्यातलं जवळपास सगळं या सव्वादोन वर्षांतलं आहे.

मध्ये बदललं काय? करार. पहिल्या काळात ती कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या फोर स्टार रेकॉर्ड्सशी बांधलेली होती आणि दुसऱ्या काळात थेट डेक्का या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी. संगीत व्यवसायात कलाकाराच्या पिळवणुकीचं उदाहरण म्हणून हे प्रकरण नेहमी सांगतात, आणि पिळवणूक झालीही. पण एवढ्यावर थांबलं की त्यातली खरी गोम निसटते. रॉयल्टीच्या कमी टक्क्यांमुळे पॅट्सीचे पैसे बुडाले. तिची वर्षं बुडाली ती दुसऱ्याच एका कलमामुळे.

करारापर्यंतची पॅट्सी

व्हर्जिनिया पॅटरसन हेन्सली हे तिचं मूळ नाव. जन्म ८ सप्टेंबर १९३२, गाव व्हर्जिनिया राज्यातलं विंचेस्टर. वडील लोहारकाम करायचे, आई हिल्डा शिवणकाम. आई आणि मुलीच्या वयात सोळा वर्षांचंच अंतर होतं. पुढे स्टेजवर पॅट्सी घालायची ते झालरीचे काउगर्ल पोशाख याच आईने शिवलेले असत. १९४७मध्ये वडील घर सोडून गेले. मुलीने शाळा सोडली आणि गावातल्या गॉन्ट्स ड्रगस्टोअरमध्ये सोडा आणि आइसक्रीमच्या काउंटरवर कामाला लागली. दिवसभर तिथे काम, रात्री मिळेल त्या क्लबात गाणं. तिला स्वरलिपी वाचता येत नव्हती. तेराव्या वर्षी घशाचा मोठा आजार झाला, त्यातून उठल्यावर आवाज असा भरदार झाला, असं ती सांगायची.

१९५२मध्ये बिल पीअरच्या बँडमध्ये ती गायला लागली. पॅटरसनवरून ‘पॅट्सी’ हे नाव त्यानेच काढलं. क्लाइन हे आडनाव १९५३मध्ये जेराल्ड क्लाइनशी झालेल्या लग्नातून आलं. ते लग्न चार वर्षं टिकलं, आडनाव कायमचं चिकटलं.

३० सप्टेंबर १९५४ला तिने फोर स्टारच्या करारावर सही केली. बावीस वर्षांची मुलगी, पाठीशी पैसा नाही, घरातल्या कुणाचा या धंद्याशी संबंध नाही. समोरून छापील करार आला की अशा माणसाला त्यात दिसते ती फक्त संधी. दोष द्यायचाच तर तो सहीला देऊ नये असं मला वाटतं. त्या वेळी तिच्यासमोर दुसरा कागद नव्हताच.

कागदावर काय होतं

फोर स्टारचा मालक बिल मॅकॉल. त्याची व्यवस्था अशी होती: पॅट्सी फोर स्टारची गायिका, पण रेकॉर्डिंग करणार, छापणार आणि विकणार डेक्का. सुरुवातीच्या रेकॉर्ड्स डेक्काच्याच कोरल या लेबलवर निघाल्या. मॅकॉल तिची गाणी डेक्काला भाड्याने देत होता म्हणा ना. पॅट्सीची रॉयल्टी २.३४ टक्के. त्या काळी साधारण पाच टक्के मिळत, म्हणजे तिला निम्म्याहूनही कमी. स्टुडिओ आणि वादकांचा खर्चही तिच्याच हिश्शातून वळता व्हायचा.

आणि मुख्य अट ही, की तिने गायची ती फोर स्टारच्या प्रकाशन विभागाच्या मालकीची गाणी. या अटीला अपवाद झाले, ते पुढे येतीलच, पण वहिवाट हीच होती.

गाण्याचं प्रकाशन म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, नाहीतर हिशेब कळणार नाही. एका रेकॉर्डमध्ये दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे अमुक गायिकेने अमुक दिवशी गायलेला तो आवाज. दुसरी म्हणजे मूळ गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. रेकॉर्ड विकली की गाण्याच्या मालकालाही पैसे द्यावे लागतात. अमेरिकेत हा दर १९०९च्या कायद्याने दर प्रतीमागे, दर गाण्यामागे दोन सेंट ठरवला होता आणि तो १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तसाच राहिला. हे दोन सेंट प्रकाशक आणि गीतकार सहसा निम्मेनिम्मे वाटून घेत. गायिकेचा त्यात काडीचाही वाटा नाही.

आता नमुन्यादाखल आकडे मांडू. रेकॉर्ड ९० सेंटची धरली आणि रॉयल्टी त्या किमतीवर धरली, तर २.३४ टक्क्यांनी पॅट्सीचे होतात सुमारे दोन सेंट. तेही खर्च वजा होण्याआधी. त्याच रेकॉर्डच्या दोन बाजूंवरची दोन्ही गाणी फोर स्टारची असतील, तर प्रकाशनाचे होतात चार सेंट. त्यातले दोन प्रकाशक म्हणून फोर स्टारचे आणि उरलेले दोन गीतकारांचे. इथे आणखी एक मेख आहे. फोर स्टारच्या कितीतरी गाण्यांवर सहगीतकार म्हणून ‘डब्ल्यू. एस. स्टीव्हन्सन’ असं नाव छापलेलं दिसतं. पॅट्सीच्या पहिल्या रेकॉर्डवरही आहे. हे स्टीव्हन्सन म्हणजे खुद्द मॅकॉल. म्हणजे गीतकारांच्या वाट्यातलाही अर्धा सेंट, कधी एक सेंट, फिरून त्याच घरात. चारातले अडीच ते तीन सेंट मॅकॉलकडे, आणि ज्या आवाजामुळे रेकॉर्ड विकली गेली त्या आवाजाला दोन वजा खर्च.

यात बेकायदेशीर काही नव्हतं. प्रकाशनाचा व्यवसाय जोडीला ठेवणाऱ्या रेकॉर्ड कंपन्या त्या काळी ढिगाने होत्या. मॅकॉलच्या जागी बसून पाहिलं तर त्याचं वागणं अगदी तर्कशुद्ध आहे. बाहेरचं उत्तम गाणं आणि घरचं मध्यम गाणं यांत निवडायची वेळ आली, तर घरच्या गाण्यात त्याला दर प्रतीमागे नक्की पैसे दिसत होते. बाहेरचं गाणं दसपट खपलं असतं कदाचित. पण ‘कदाचित’साठी कोण थांबतो?

ती ५१ गाणी

फोर स्टारच्या काळातली गाणी आज ऐकायला बसलं की पहिल्यांदा जाणवतो तो गोंधळ. हॉंकीटॉंक (दारूच्या गुत्त्यांतलं कंट्री), रॉकॅबिली (कंट्री आणि रॉक अँड रोलची सरमिसळ), धार्मिक गाणी, पॉपच्या अंगाने जाणारी प्रेमगीतं. एल्व्हिसच्या लाटेत कंट्रीचा खप धोक्यात आला होता आणि काय चालेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळंच करून पाहिलं जात होतं. आवाज प्रत्येक ठिकाणी चोख आहे. कित्येक ठिकाणी तो गाण्याला उचलून धरायला धडपडतो आणि गाणं जागचं हलत नाही. साहित्य कमअस्सल होतं हे ब्रॅडलीनेही पुढे बोलून दाखवलं. सगळीच गाणी टाकाऊ नव्हती. १९५७चं ‘थ्री सिगारेट्स इन ॲन ॲशट्रे’ मला डेक्काच्या काळातल्या काही गाण्यांहून सरस वाटतं, आणि त्यावरही स्टीव्हन्सनसाहेबांचं नाव आहेच.

मग ‘वॉकिन् आफ्टर मिडनाइट’. डॉन हेक्ट आणि ॲलन ब्लॉक यांचं हे गाणं मुळात के स्टार या पॉप गायिकेसाठी लिहिलेलं होतं, पण तिच्या कंपनीने ते घेतलं नाही. मॅकॉलला ते पॅट्सीसाठी योग्य वाटलं. पॅट्सीला मुळीच आवडलं नाही. हे तर साधं पॉप गाणं, असं तिचं म्हणणं. शेवटी तडजोड झाली. तिने हे गायचं, आणि बदल्यात तिला हवं असलेलं ‘अ पुअर मॅन्स रोझेस’ हे बाहेरचं गाणंही गाऊ द्यायचं. ८ नोव्हेंबर १९५६ला दोन्ही ध्वनिमुद्रित झाली.

२१ जानेवारी १९५७ला ती न्यूयॉर्कला आर्थर गॉडफ्रेच्या ‘टॅलेंट स्काउट्स’ या टेलिव्हिजन कार्यक्रमात गेली. तिथे कलाकाराला कुणीतरी ‘शोधून’ आणावं लागे आणि घरचं माणूस चालत नसे. पॅट्सीला शोधून आणलं होतं हिल्डाने, पण आपण आई आहोत हे तिने सांगितलं नाही. कार्यक्रमवाल्यांनी दोन गोष्टी बदलायला लावल्या. काउगर्लचा पोशाख नको, साधा पार्टीचा ड्रेस घाल. आणि ‘पुअर मॅन्स रोझेस’ नको, ते दुसरं गाणं म्हण. टाळ्यांच्या मीटरचा काटा टोकाला गेला आणि ती जिंकली. रेकॉर्ड घाईघाईने फेब्रुवारीत बाजारात आली. कंट्रीच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसरा क्रमांक, पॉपच्या यादीत बारावा.

इथे प्रकरण गुंतागुंतीचं होतं आणि म्हणूनच त्यावर लिहावंसं वाटलं. हे गाणं फोर स्टारचंच होतं आणि निवड मॅकॉलची. पॅट्सीला स्वतःच्या पसंतीने वागू दिलं असतं तर ते तिच्या हातून सुटलं असतं. कराराने तिची निवड हिरावली म्हणून ती मागे पडली, ही सोपी मांडणी या एका गाण्यापाशी अडखळते.

त्यानंतर मात्र चार वर्षं शांतता. एकामागून एक रेकॉर्ड निघत होत्या आणि यादीत कुठे दिसत नव्हत्या. सप्टेंबर १९५७मध्ये चार्ली डिकशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगी झाली. एका गाजलेल्या गाण्यामुळे लोक नाव ओळखत होते, घरात मात्र पैशांची चणचण. अशा वेळी कंपनीकडून उचल घ्यावी लागते आणि उचल फेडायची तर करार पुढे चालू ठेवावा लागतो. ऊसतोडीच्या टोळीतल्या माणसाला हे गणित वेगळं समजावून सांगायला नको. कार्यक्रमांच्या बाबतीत पॅट्सीने याच दिवसांत शहाणपण शिकून घेतलं असावं. आयोजकाने पैसे हातात ठेवल्याशिवाय ती स्टेजवर पाऊल टाकत नसे आणि इतर गायिकांनाही तसंच करायला सांगत असे.

१९५९मध्ये कुटुंब नॅशव्हिलला आलं. रँडी ह्यूजेस हा गिटारवादक तिचं व्यवस्थापन बघू लागला. जानेवारी १९६०मध्ये ती ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या नावाजलेल्या कंट्री रेडिओ कार्यक्रमाची सदस्य झाली. त्याच महिन्यात फोर स्टारसाठीचं शेवटचं रेकॉर्डिंग झालं, आणि त्यात ‘लव्हसिक ब्लूज’ हे बाहेरचं जुनं गाणंही आहे. करार संपत आला होता आणि पकड सैल झाली होती, असं त्यावरून वाटतं.

कागद बदलला

करार सरला आणि पॅट्सीने डेक्काशी थेट सही केली. ब्रॅडली तोवर डेक्काच्या नॅशव्हिल शाखेचा प्रमुख झाला होता. आता गाणं कुठूनही आणायची मुभा होती. आणि १९६०च्या नॅशव्हिलमध्ये ‘कुठूनही’ याला मोठा अर्थ होता. हँक कॉक्रन, हार्लन हॉवर्ड, विली नेल्सन हे तरुण गीतकार तिथे जमले होते आणि स्टुडिओचे दरवाजे ठोठावत हिंडत होते. त्यांची गाणी पॅम्पर म्युझिक या प्रकाशन कंपनीकडे होती. फोर स्टारच्या चौकटीत राहून पॅट्सीला त्यांच्या गाण्याला हात लावता येणं कठीणच होतं.

कॉक्रन आणि हॉवर्ड यांचं ‘आय फॉल टू पीसेस’ घेऊन ब्रॅडली फिरत होता. ब्रेंडा लीने नाकारलं. रॉय ड्रस्कीने नाकारलं, पुरुषाच्या तोंडी ते शोभत नाही म्हणून. ते पॅट्सीकडे आलं. मागे जॉर्डनेअर्स ही चौकडी गाणार हे कळल्यावर ती कुरकुरली; त्यांच्या आवाजात आपला आवाज बुडेल अशी भीती तिला होती. जानेवारी १९६१च्या अखेरीस रेकॉर्ड आली आणि मुंगीच्या पावलांनी वर चढू लागली. १४ जूनला नॅशव्हिलमध्ये मोटारीची समोरासमोर धडक होऊन पॅट्सी काचेतून बाहेर फेकली गेली. कपाळ फाटलं, मनगट मोडलं, खुबा निखळला. ती महिनाभर इस्पितळात होती आणि रेकॉर्ड चढतच होती. ऑगस्टमध्ये ते गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. याच इस्पितळात तिची लोरेटा लिन या गायिकेशी ओळख झाली. नॅशव्हिलला नुकत्याच आलेल्या लोरेटाने रेडिओवर तिच्यासाठी तिचंच गाणं म्हटलं होतं आणि ते ऐकून पॅट्सीने तिला बोलावून घेतलं.

२१ ऑगस्टला ती कुबड्यांवर स्टुडिओत आली. गाणं विली नेल्सनचं, ‘क्रेझी’. नेल्सन तालाच्या मागेपुढे रेंगाळत, अर्धं बोलत, अर्धं गात असे. तसं गायलेला नमुना ऐकून पॅट्सी वैतागली होती. ब्रॅडलीने तिला सांगितलं, तू तुझ्या पद्धतीने म्हण. त्या काळी तीन तासांत चार गाणी उरकायची रीत. या एका गाण्यात चार तास गेले आणि बरगड्यांच्या दुखण्यामुळे वरचे सूर काही लागेनात. शेवटी संगीत मुद्रित करून ठेवलं आणि तिला घरी पाठवलं. काही आठवड्यांनी ती परत आली आणि तयार संगीतावर एका दमात गाऊन गेली. कंट्रीत दुसरा क्रमांक, पॉपमध्ये नववा. डिसेंबरमध्ये कॉक्रनचं ‘शीज गॉट यू’ मुद्रित झालं आणि १९६२मध्ये तेही कंट्रीत पहिलं आलं. त्याच वर्षी गुडलेट्सव्हिलला तिने स्वतःचं घर घेतलं.

मग दोष कशाचा

‘मिडनाइट’, ‘पीसेस’, ‘क्रेझी’. तिन्ही वेळा पॅट्सीचा काही ना काही विरोध होता. म्हणजे डेक्काकडे आल्यावर तिला निवडीचं स्वातंत्र्य मिळालं आणि ती फुलली, हेही खरं नाही. निवड आधी मॅकॉल करत होता, नंतर बहुतांशी ब्रॅडली करत होता. फरक असा, की ब्रॅडलीला अमुकच प्रकाशकाचं गाणं घ्यायचं बंधन नव्हतं. गाणं पॅम्परचं असलं काय किंवा आणखी कुणाचं, त्याला फक्त रेकॉर्ड चालायला हवी होती. निवडणाऱ्याचा गल्ला आणि गाण्याची मालकी वेगळी झाली, आणि चांगलं गाणं आत यायला वाट मिळाली.

यावर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. १९६०पर्यंत ब्रॅडलीही बराच पुढे गेला होता. पाठीमागचं गायन, व्हायोलिनचे ताफे, फिडल आणि स्टील गिटारचा जपून वापर, ज्याला ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणतात ती घडण १९५५मध्ये पक्की झालेली नव्हती. श्रोतेही बदलले होते. पॅट्सी स्वतः अठ्ठावीस वर्षांची झाली होती आणि आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं. १९५५मध्येच ती डेक्काकडे गेली असती तर लगेच तिसऱ्या महिन्यात ‘क्रेझी’ मिळालं असतं का? शक्यच नाही, विली नेल्सन तेव्हा नॅशव्हिलमध्ये आलाच नव्हता. कराराने पाच वर्षं खाल्ली असं सरसकट म्हणणं म्हणून मला पटत नाही. पण १९५७नंतरची चार वर्षं? देशभर नाव झालेलं, आवाज परिपक्व, निर्माता सोबत, आणि गाणी मात्र एकाच कपाटातली. ती वर्षं नक्कीच करारापायी गेली.

३ मार्च १९६३ला पॅट्सी कॅन्सस सिटीला एका दिवंगत रेडिओ निवेदकाच्या कुटुंबासाठी मदतनिधीच्या कार्यक्रमात गायली. खराब हवामानामुळे परतायला उशीर होत होता. डॉटी वेस्ट या गायिकेने मोटारीने चल म्हणून सांगून पाहिलं. ५ मार्चला रँडी ह्यूजेसच्या छोट्या विमानातून ती निघाली. सोबत काउबॉय कोपास आणि हॉकशॉ हॉकिन्स हे गायक होते. टेनेसीतल्या कॅम्डनजवळ विमान कोसळलं, चौघेही गेले. पॅट्सी तीस वर्षांची होती. १९७३मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतलेली ती पहिली एकल गायिका.

फोर स्टारची ५१ गाणी त्यानंतर स्वस्तातल्या संकलनांमधून पुन्हा पुन्हा निघत राहिली. हक्क ज्याच्याकडे तो कुणालाही परवाना देऊ शकत होता, त्यामुळे पॅट्सीच्या नावाच्या निम्म्याअधिक रेकॉर्ड्सवर तिची फसलेली वर्षंच दिसत. डेक्काने १९६७मध्ये ‘ग्रेटेस्ट हिट्स’ काढलं. या बारा गाण्यांच्या संग्रहाच्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत. त्यात फोर स्टारच्या काळातलं एकही ध्वनिमुद्रण नाही. ‘वॉकिन् आफ्टर मिडनाइट’ आहे, पण ते ऑगस्ट १९६१मध्ये तिने डेक्कासाठी नव्याने गायलेलं. आवाज डेक्काचा झाला तरी मूळ गाणं फोर स्टारच्या प्रकाशनातलंच होतं, त्यामुळे त्या बारांतल्या एका गाण्याचा प्रकाशनाचा वाटा दर प्रतीमागे तिकडे जायचा तो गेलाच.